आठ वायनरींचा क्रम लावण्याआधी यादी कापा

तुमचा बेत वाचला: चौघे जण, एक गाडी, शनिवार-रविवार मिळून आठ वायनरी, म्हणजे वाईन बनवण्याची ठिकाणं. त्यांचा क्रम कसा लावायचा, असं विचारलंय. मी आधी यादीच कापायला सांगेन. दिवसाला दोन वायनरी पुरे, फार तर तीन.

टेस्टिंगला एकेक वाईन साधारण ३० ते ५० मिली ओततात. ग्लासात ती एवढीशी दिसते, म्हणून कुणी हिशेब ठेवत नाही. पण ५० मिलीप्रमाणे पाच वाईन झाल्या की २५० मिली, म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा पोटात जातो. १३ टक्क्यांची वाईन धरली तर त्यात सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच जिरवू शकतं. एकाच वायनरीचं उतरायला अडीच ते साडेतीन तास लागतात, आणि चार केल्यात तर माणशी सव्वा बाटलीच्या वर जाल. कॉफी प्या, गार पाण्याने तोंड धुवा, हा वेग वाढत नाही.

म्हणून 'आळीपाळीने गाडी चालवू' हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. प्यायलेल्या चौघांत आळीपाळी कसली! कायद्याची मर्यादाही देशागणिक बदलते. फ्रान्स आणि इटलीत सर्वसाधारण चालकाला रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमच्या आत राहावं लागतं, तर हंगेरीत, म्हणजे टोकायच्या गोड वाईनच्या देशात, ती थेट शून्य आहे. चालक भाड्याने घ्या, किंवा रोज एकाने अजिबात प्यायचं नाही असं निघण्याआधीच ठरवा. त्याहून मला आवडतो तो मार्ग म्हणजे पायी फिरता येईल अशा गावात मुक्काम. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलं एपर्ने, तिथल्याच बरगंडीतलं बोन, पोर्तुगालमध्ये पोर्तोसमोर नदीपलीकडचं व्हिला नोव्हा द गाया, इथे एका तळघरातून दुसऱ्यात चालत जाता येतं. गाडीने फिरायचं असेल तर एकच टापू निवडा. फ्रान्समधल्या अल्सासचा वाईन मार्ग सुमारे १७० किलोमीटर लांब आहे. दोन दिवसांत तो पुरा करायला गेलात तर रस्ताच बघाल.

चाखून थुंकायला अजिबात लाजू नका. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, आणि या धंद्यातली माणसं रोज तेच करतात. घोट तोंडात नीट घोळवायचा, श्वासाबरोबर वास घ्यायचा आणि घोट भांड्यात थुंकायचा.

जिभेलाही मर्यादा आहे. रेड वाईनमधलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि घोटागणिक तुरटपणा साचत जातो. दुपारनंतर सगळ्या रेड सारख्याच लागायला लागतात, त्याचं हे एक मोठं कारण. तेव्हा जिच्यासाठी एवढे लांब जाताय ती वायनरी सकाळी, पोटभर नाश्ता करून गाठा. तिथेही आधी स्पार्कलिंग (फसफसणारी), मग व्हाइट, मग रेड, गोड शेवटी. अत्तर-सेंट लावू नका; त्याने तुम्हालाच नाही, शेजारच्यालाही वाईनचा वास नीट घेता येत नाही.

वेळ आधी घ्याच. बोर्दोतल्या कितीतरी ठिकाणी भेट ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि युरोपातले अनेक छोटे उत्पादक रविवारी बंद असतात. म्हणून रविवारचं बुकिंग पहिलं करा, शनिवारचं नंतर. तोडणीचा हंगाम उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल. बघायला तेव्हा मजा येते, पण वाईन करणारा माणूस कामात बुडालेला असतो. गप्पा हव्या असतील तर हंगाम टाळा. मी तरी टाळते. टाक्या आणि पिंपं एकाच ठिकाणी बघा, दुसरीकडे मळ्यात न्यायला सांगा.

बाटल्या परतीच्या दिवशी घ्या. उन्हात उभ्या गाडीत तापली की वाईन खराब होते. विमानाने येणार असाल तर त्या चेक-इनच्या सामानात द्याव्या लागतील, तेव्हा बॅगेत जागा आणि गुंडाळायला जाड कपडे घेऊनच निघा.