मुलगा चर्चला येत नाही, मग मी मंडळीत वडील होऊ शकतो का?

"ताई, मंडळीत वडील म्हणून माझं नाव सुचवलंय. पण घरचं हे असं. नाव मागे घेऊ का?"

वडील म्हणजे मंडळीचा, चर्चच्या सभासदांचा, सांभाळ करायला निवडलेला माणूस. शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न तोच. कुणाची मुलगी घराबाहेर लग्न करून गेलेली, कुणाचा मुलगा पितो, कुणाच्या घरी नवराबायकोत वर्षभराचा अबोला. मंडळीच्या निवडणुका जवळ आल्या की नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत असे दोन-तीन जण येतातच. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. त्या घराची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गृहस्थ पन्नाशीचे, नाशिकरोडचे. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल-वर्गात, अनेक वर्षं शिकवलेलं. आल्या आल्या बायबल उघडून त्यांनी १ तीमथ्य, ३ रा अध्याय माझ्यापुढे धरला. बोट ५ व्या वचनावर : "ज्याला आपल्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील?" सभेत एकाने हेच वचन मोठ्याने वाचलं होतं, आणि वाचून झाल्यावर यांच्याकडे बघितलं होतं.

"निवडणुकीपर्यंत तरी मुलाने दर रविवारी पहिल्या बाकावर बसावं. तुम्ही समजवा त्याला."

मी विचारलं, "तुम्ही त्याच्याशी शेवटचं काय बोललात?"

बराच वेळ आठवत राहिले. "गेटची कडी लाव म्हणालो."

शेजारी बसलेल्या बायकोने मान खाली घातली.

एका माणसाला 'बिघडलेला' ठरवून दुरुस्त करायला मी कधीच तयार होत नाही. इतक्या वर्षांत एक शिकले : घरात जे कुणी बोलत नाही, ते एखादं मूल अंगावर घेऊन वावरत असतं. म्हणून मुलालाही बोलावलं. वीस वर्षांचा पोरगा, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेला. पहिल्यांदा आला तेव्हा हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि फक्त "हो", "नाही" म्हणाला. दुसऱ्यांदा मी विचारलं, "चर्च नको वाटतं, की घरातलं काही?"

"संध्याकाळची प्रार्थना," तो म्हणाला. "पप्पा डोळे मिटून म्हणतात, प्रभू, या घरात जो तुझ्यापासून दूर गेलाय त्याला सुबुद्धी दे. बोलतात देवाशी, ऐकवतात मला."

बाप काही बोलला नाही. आई पुटपुटली, "खरंय."

मग मी मुलाला विचारलं, कॉलेज बुडवायचास तेव्हा दिवसभर कुठे असायचास? गंगापूर धरणाच्या काठावर, म्हणाला. "डबा तिथेच संपवायचो. भरलेला परत आणला असता तर आईला कळलं असतं."

खोलीत शांतता पसरली. अशा शांततेत बोलायचं नाही, हे मला आता जमतं. शेवटी वडीलच बोलले, आणि पहिल्यांदाच मुलाकडे बघून : "पावसात पण?"

"पावसात पण."

"एकटाच?"

मुलाने मान हलवली. त्या माणसाने चष्मा काढून हातात धरला. "मी फी भरली का नाही तेवढंच बघत होतो रे," म्हणाले. पुढचा अर्धा तास माझी गरज नव्हती.

मला जे दिसलं ते इथे सांगते. आपल्या मराठीत बापालाही वडील म्हणतात आणि मंडळीतल्या त्या पदालाही. तीमथ्याला ते पत्र लिहिताना पौलाने घर आणि मंडळी एका वाक्यात आणली, ती परीक्षा घ्यायला नव्हे. दोन्हीकडे काम एकच आहे म्हणून. ५ व्या वचनात 'सांभाळ' म्हटलंय, तिथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे तेच लूकच्या १० व्या अध्यायात येतं. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला चांगला शोमरोनी उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतो, तिथे. म्हणजे मुलगा कुठल्या बाकावर बसतो याआधी, तो पडला तेव्हा तुम्ही वाकलात का, हे विचारायला हवं.

लोक जुन्या करारातल्या एली याजकाचं उदाहरण देतात. १ शमुवेल ३ वाचा. मुलं वाईट निघाली एवढाच एलीवर ठपका नाही; त्यांचं वागणं ठाऊक असून त्याने त्यांना आवरलं नाही, यावर आहे. आणि उधळ्या पुत्राचा दाखला सांगताना, मुलगा घर सोडून गेला म्हणून येशूने बापाला नालायक ठरवलं नाही.

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवा. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली. त्या काळात टिळकांचं घर 'एका विश्वासाचं' नव्हतं. आज त्यांची भजनं गाताना आपण तो हिशेब मांडतो का?

पण या बोलण्याचा कुणी आडोसाही घेऊ नये. घरात मारहाण असेल, दारू असेल, पैशाची लपवाछपवी असेल, बायको तुमच्या पावलांचा आवाज ऐकून गप्प होत असेल, तर नाव मागे घ्या, आजच. तिथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही. आणि नावं सुचवणाऱ्यांनी उमेदवाराचा आवाज ऐकण्याआधी त्याच्या बायकोशी अर्धा तास, त्याच्या गैरहजेरीत, बोलावं. मुलाला मात्र बापाचं चारित्र्य प्रमाणपत्र म्हणून चर्चमध्ये आणून बसवू नका. असा बसवलेला मुलगा पुढे बापाच्या पदाबरोबर देवालाही नाकारतो. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

त्या गृहस्थांनी पाळकसाहेबांना पत्र लिहिलं : यंदा माझा विचार करू नये, घरी वेळ द्यायचाय. मी तसं सुचवलं नव्हतं. मला तर वाटत होतं की आत्ताच ते त्या पदाला लायक झालेत.

चार महिन्यांनी बाईंचा फोन आला. मुलगा डिप्लोमाला जातोय. चर्चला अजून येत नाही, नाताळला आला होता, मागे उभा होता.

"आणि संध्याकाळची प्रार्थना?" मी विचारलं.

"होते ना. ह्यांनी त्याचं नाव घेणं सोडलंय तिथे. पहाटे उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात, तेव्हा घेतात. मला ऐकू येतं."