मूलभूत जीवशास्त्राच्या संशोधनावर सरकारने पैसा खर्च केल्याने उद्योगांना खरोखर काही लाभ होतो का?

होतो, परंतु तो कोठून आणि केव्हा होईल हे अनुदान देताना सांगता येत नाही, आणि म्हणूनच खासगी कंपन्या सहसा या वाटेला जात नाहीत.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या उकळत्या झऱ्यांमध्ये जीव कसे तगतात, एवढ्याच कुतूहलापोटी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या अनुदानावर काम केले. 1966 मध्ये घेतलेल्या नमुन्यातून त्यांना आणि हडसन फ्रीझ या विद्यार्थ्याला सुमारे 70 अंश सेल्सिअसला सुखाने वाढणारा ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हा जिवाणू मिळाला. त्याचा नमुना त्यांनी सार्वजनिक संग्रहात ठेवला, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

पुढे 1983 मध्ये सीटस कंपनीतील कॅरी मुलिस यांना डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर पद्धत सुचली. तिच्या प्रत्येक फेरीत मिश्रण 95 अंशांच्या आसपास तापवावे लागे, त्यात प्रती काढणारे नेहमीचे विकर (एन्झाइम) निकामी होई आणि दर वेळी नव्याने घालावे लागे. त्या सार्वजनिक संग्रहातल्या ब्रॉक यांच्या जिवाणूचे विकर मात्र त्या उष्णतेतही टिकले, त्यामुळे सारी प्रक्रिया यंत्रावर सोपवता आली. रोश कंपनीने 1991 मध्ये पीसीआरचे हक्क 30 कोटी डॉलरना घेतले. कोविडच्या काळात आपल्या नाकातला स्वॅब तपासला गेला तोही याच तंत्राने. (उद्यानाच्या पदरात मात्र त्यातले काहीच पडले नाही.)