एजंट नक्की कुणाच्या बाजूचा?

‘घर विकायला काढलंय, आणि एजंट रोज भाव कमी करायलाच सांगतोय. हा माणूस आमचा आहे की समोरच्या पार्टीचा?’ मंदीच्या काळात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. समुपदेशकाकडे कशाला, असं कुणालाही वाटेल. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, घरात भांडणं वाढली म्हणून. बोलता बोलता एजंटचा विषय निघतो आणि मग दुसरं काही निघतच नाही.

2019 मधल्या एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशीतले. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. त्या वर्षी गाड्यांचा खप महिन्यागणिक घसरत होता, कारखान्यांत ‘नो प्रॉडक्शन डे’ लागत होते, आणि त्यांच्या कंपनीने जुन्या माणसांना पैसे देऊन मोकळं केलं. पिंपळे सौदागरचा टू बीएचके त्यांनी 2014 मध्ये, भाव चढे असताना, 72 लाखांना घेतला होता. कर्ज अजून 45 लाखांचं बाकी. चिंचवडला वडिलांचा जुना वन बीएचके रिकामा होता. हा विकायचा, कर्ज फेडायचं आणि तिकडे राहायला जायचं, असं दोघांचं ठरलं होतं. निदान बाईंची तशी समजूत होती.

एजंटने पहिल्या दिवशी ‘75 आरामात येतील’ असं सांगितलं. यांनी 78 लावले. नोटाबंदीपासून पुण्यातल्या घरांच्या बाजारातला जोर ओसरला होता, त्यात पिंपरी-चिंचवडमध्ये नोकऱ्यांची अनिश्चितता. दोन महिन्यांत एजंटची भाषा बदलली: ‘सर, ह्या भावात पार्टी येत नाही. 65 वर बसू.’ भाव चढवून सांगायचा, घर हातात घ्यायचं आणि मग मालकाला हळूहळू खाली आणायचं, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. मला ती मुळीच पटत नाही, कारण मालकाच्या मनात तो पहिला आकडा घट्ट बसतो आणि नंतरची प्रत्येक ऑफर अपमानासारखी वाटते.

त्यावर कळस म्हणजे, घर बघायला आलेल्या एका पार्टीला एजंट जिन्यात म्हणाला, ‘साहेबांची नोकरी गेलीय, कमी करतील.’ ते यांच्या कानावर पडलं. रागाच्या भरात यांनी फ्लॅट आणखी चार एजंटांकडे दिला. परिणामी एकच घर वेबसाइटवर तीन वेगवेगळ्या भावांना दिसू लागलं, आणि बघणाऱ्यांनी ओळखलं की मालक अडलाय.

पहिल्या भेटीत ते फक्त एजंटबद्दल बोलत होते. बाई गप्प होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, ‘त्याचा फोन आला की ह्यांचा चेहरा बघवत नाही. पण मॅडम, 66 ची पार्टी आली होती. ह्यांनी त्यांना परस्पर नकार दिला. मला कळलं ते एजंटकडून.’

गृहस्थांची झोप महिनाभर उडालेली होती, म्हणून ‘जगणं नको असं वाटतं का’ हे मी सरळ विचारलं. तसं नव्हतं. झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. (कुणाला तसं वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.)

त्यांचा संशय मी उडवून लावला नाही, कारण तो अर्धा खरा होता. घर 69 ऐवजी 66 ला गेलं तर मालकाचे 3 लाख जातात. एक टक्का दलाली घेणाऱ्या एजंटचे जातात 3 हजार. तेवढ्यासाठी तो आणखी चार महिने चकरा कशाला मारेल? त्यात आपल्याकडे बरेच एजंट दोन्हीकडून दलाली घेतात, म्हणजे सौदा होणं हेच त्यांचं हित. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे 1 लाख घरविक्री तपासल्या. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबतो आणि जवळपास 3.7 टक्के जास्त भाव मिळवतो. यात एजंट वाईट माणूस असण्याचा प्रश्न नाही. त्याची घाई आणि तुमची घाई वेगळी असते, एवढंच.

उरलेला अर्धा भाग त्यांना ऐकायला जड गेला. 1990 च्या दशकातल्या बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीवर डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांचा अभ्यास आहे. ज्यांनी चढ्या भावात घेतलं होतं ते मालक तशाच दुसऱ्या घरांपेक्षा जास्त भाव लावत. थोडे जास्त पैसे त्यांना मिळतही, पण घर जास्त दिवस पडून राही. मी त्यांना म्हटलं, ‘तुमचे 72 लाख बाजाराला माहीतच नाहीत. ते फक्त तुम्हाला माहीत आहेत.’ ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीही एजंटसारखंच बोलताय.’

मग मी विचारलं, ‘उद्या सकाळी कुणी 72 घेऊन आलं, तर सही कराल?’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मुलीची बारावी आहे.’ मग पार्किंगचा विषय निघाला. मग, एकदम खालच्या आवाजात: ‘वडिलांशी भांडून त्या घरातून निघालो होतो. तुमच्या छपराखाली परत येणार नाही, असं बोलून. आता तिथेच जायचं.’

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. घर विकायचं नाही हे त्यांना बायकोला सांगता येत नव्हतं, कारण हिशेब तिच्या बाजूने होता. म्हणून ते भावातून सांगत होते. 78 म्हणजे ‘नाही’. आणि पडत्या बाजारात हा ‘नाही’ सहज लपतो: दोष बाजाराचा, दोष एजंटचा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांबद्दल हे मांडून ठेवलं आहे. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, आणि मग भांडण त्या तिसऱ्याशी होतं. इथे तिसरा होता एजंट. जिन्यातल्या त्या बोलण्याने त्याने स्वतःच कारण पुरवलं होतं.

बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मग विकायचं नाही म्हणा ना. भांडायचं तर माझ्याशी भांडा.’

पुढच्या भेटींमध्ये ते खरंच भांडले, आणि ते गरजेचं होतं. विकायचं की नाही हा प्रश्न आधी, कितीला हा नंतर, एवढं एकच बंधन मी घातलं. बाईंनी कागदावर मांडलं: महिन्याला फक्त व्याज साधारण 32 हजार, वर मेंटेनन्स साडेतीन हजार. सहा महिने थांबलं तर दोन लाखांच्या वर रक्कम जाते, आणि भाव तोवर वर येईल याची खात्री कुणीच देत नाही. गृहस्थांनी स्वतःहून ‘विकू’ म्हटलं, पण चिंचवडचं घर आतून रंगवून, फरशी बदलून, मुलीची परीक्षा झाल्यावरच जायचं या अटीवर. वडिलांचं घर ‘आपलं’ करून जायचं होतं त्यांना. बाईंनी लगेच मान्य केलं.

त्यानंतर भावाचा प्रश्न सोपा झाला. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक 2, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘इंडेक्स टू’, बघता येते. त्यात सौद्याची नोंदलेली रक्कम असते. त्यांच्याच सोसायटीतले वर्षभरातले सौदे 64 ते 68 च्या मध्ये होते. एजंट काय म्हणतो आणि शेजारी काय म्हणतो याला मग फारसं महत्त्व उरलं नाही.

पाचपैकी एकच एजंट ठेवला, पहिला सोडून. दोन महिन्यांची मुदत, दलाली एक टक्का, आलेली प्रत्येक ऑफर नवरा-बायको दोघांच्याही फोनवर, आणि घरची अडचण कुणापुढे काढायची नाही, हे साध्या कागदावर लिहून सह्या केल्या. हा कागद मी सगळ्यांना सुचवते. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यात एजंटची नोंदणी आहे ती बिल्डरांच्या नोंदणीकृत प्रकल्पांसाठी. जुन्या सोसायटीतल्या रीसेलला ते संरक्षण बहुतेक वेळा मिळत नाही.

घर साडेसहासष्ट लाखांना गेलं. घेणारी पार्टी तीच होती, जिला त्यांनी आधी परस्पर नाही म्हटलं होतं. साहजिकच पहिल्या एजंटचा फोन आला: पार्टी मी आणली, दलाली माझी. गृहस्थ पुन्हा पेटले, पण या वेळी आधी बायकोशी बोलले. मग नव्या एजंटला विश्वासात घेऊन ठरलेल्या दलालीचे निम्मे पहिल्याला द्यायचं ठरलं. पैसे देताना ते त्याला म्हणाले, ‘माझी नोकरी गेल्याचं तू जिन्यात बोलायला नको होतंस.’ तो म्हणाला, ‘सर, मार्केटमध्ये बोलावं लागतं.’ या उत्तराने त्यांचं समाधान झालं नाही, आणि तसं ते त्याला बोलले. ठरलेले पैसे मात्र पूर्ण दिले, कारण पार्टी त्यानेच आणली होती.