हातकाम विचारा: आईच्या साड्या आणि कागदाची टोपली

प्रश्न: ताई, नमस्कार. आईला जाऊन वर्ष झालं. तिच्या साड्यांच्या गोधड्या करून आम्हा बहिणींनी एकेक घ्यायची असं ठरलंय. साड्यांत सुती थोड्या, सिंथेटिक जास्त, एकदोन जरीच्या. सगळ्या मिसळून शिवायला घेतल्या तर कापड सरकतं आणि मधे फुगे येतात. शिंपी म्हणतो, मशीन मारून देतो. देऊ का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: शिंप्याला सध्या चहा पाजून परत पाठवा. कापडाच्या सहा पदरांवर (म्हणजे थरांवर) मशीनचा पाय चालला की खालचा पदर पुढे ओढला जातो आणि वरचा मागे राहतो. तुमचे फुगे जायचे नाहीत, उलट पक्के शिवले जातील.

आधी साड्या निवडा. प्रत्येकीच्या आतल्या टोकाचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, मागे मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. सिंथेटिक धागा वितळून टोकाला कडक मणी होतो. दुकानातून ‘प्युअर कॉटन’ म्हणून आणलेल्या साडीचाही कधीकधी मणी होतो, तेव्हा आईच्या पारखीला नावं ठेवू नका!

सुती साड्याच गोधडीला घ्या. दोन्ही जातींचं वागणं वेगळं. धुतल्यावर सूत आटतं, सिंथेटिक तसंच राहतं, म्हणून एका गोधडीत त्यांचं जमत नाही. साड्या शिवण्याआधी गरम पाण्यात एकदा धुवा, म्हणजे खळ निघेल आणि आटायचं तेवढं आटून जाईल. साडेपाच मीटरच्या पातळाच्या तीन घड्या घातल्या की एका माणसाच्या अंथरुणाची लांबी भरते. दोन साड्यांत सहा पदर झाले, एवढं पुरे. आणखी जाड कराल तर सुई वाकेल आणि ओली गोधडी दोघींनाही पिळवणार नाही. जाड काठ आधीच उसवून बाजूला ठेवा, ते शेवटी कडेला पट्टी म्हणून लावता येतात.

फुगे येतात ते पदर नीट न ताणल्यामुळे. फरशीवर अंथरा, चार कोपऱ्यांवर वजन ठेवा (आमच्याकडे वरवंटा, खलबत्ता, हाताला लागेल ते), हाताने कडेकडे सारत सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतराने मोठे कच्चे टाके घाला. मग गोधडीवरच बसा आणि कडेने धावदोरा घालत, फेऱ्या घेत आत आत या. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, त्याही कडेनेच सुरू करून मध्यावर संपवतात आणि कोपऱ्यांवर कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. तुम्ही बहिणींनी प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यावर आईच्या एकाच साडीचे तुकडे लावले तर गोधड्या वेगवेगळ्या घरी गेल्या तरी जोडीच्या दिसतील.

सिंथेटिक साड्यांच्या तीन बोटं रुंद पट्ट्या फाडा, तीनपेडी वेणी घाला आणि वेणी गोल गुंडाळत शिवून पायपुसणी करा. दारात ठेवा, न्हाणीघराबाहेर नको, ती पाणी शोषत नाहीत. जरीच्या साडीला मात्र कात्री लावू नका. जरतार खरी असेल तर तिच्यात चांदी असते. बोहारणीच्या पातेल्यावर देण्याआधी सराफाला दाखवा.

प्रश्न: माझी आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. मी केलेल्या वाळताना तडकतात, आणि एकीला तर बुरशी आली. काय चुकतंय?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर: बुरशीवरून वाटतं, तुम्ही पावसाळ्यात केली. हे उन्हाळ्याचं काम, पापड-कुरडयांबरोबरचं.

वर्तमानपत्राचे बारीक तुकडे तीन-चार दिवस भिजू द्या, पाणी रोज बदला. गुळगुळीत कागद घेऊ नका, त्याच्यावर मातीचा लेप असतो, लगदा चिकट होत नाही. (हे मासिक भिजवायचंच असेल तर मुखपृष्ठ वगळा.) कागद पिळून उखळात कुटा, नाहीतर मिक्सरला फिरवा. रात्रभर भिजवलेली मेथी वाटून त्यात घाला. मेथीला चिकटपणा असतो आणि कडूपणामुळे किडे फिरकत नाहीत. मेथी महाग वाटली तर चिंचोके भाजा, साल काढा, भिजवून वाटा आणि शिजवून खळ करा. चिंचोक्याची खळ चांगलीच धरते.

तडे जातात ते एकदम जाड थर दिल्याने. वरचं वाळून आकसतं, आतलं ओलंच असतं. पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं टाका, लगद्याचा पातळ थर द्या आणि तो सावलीत वाळला की दुसरा. टोपली सुटी झाली की मग उन्हात ठेवा. ही टोपली लसूण, कांदे, सुतळीची रिळं ठेवायला उत्तम. भाकरी ठेवायची असेल तर छापील कागद नको, शाई असते. कोऱ्या वह्यांचे कागद वापरा.

प्रश्न: मी आठवीत आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रकल्पाला प्लॅस्टिकच्या बाटलीची फुलदाणी करू का? वर चमकी आणि मणी लावणार आहे.
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर: नको गं. चमकी चिकटवलेली बाटली भंगारवालाही घेत नाही. चमकी लावण्याआधी ती निदान विकली तरी जात होती. चिपळूणला राहतेस, तर घरात करवंट्या असतील. नारळाला तीन डोळे असतात, त्यांतला एक मऊ. डोळ्याकडचा अर्धा भाग घे, मऊ डोळ्यातून खिळा सहज आरपार जातो. झालं पाणी निचरायचं भोक. माती आणि शेणखत भरून मिरचीचं बी लाव. करवंटी लवंडू नये म्हणून सुंभाच्या चुंबळीवर बसव, सुंभही नारळाचाच. दुसऱ्या अर्ध्याला दांडी बसवून कोकणात डवली (पळी) करतात, ते आजोबांकडून करून घे, कोयता तू हातात धरू नकोस. रोपाला पाच-सहा पानं आली की मोठ्या कुंडीत हलव आणि करवंटीत दुसरं बी टाक.