दीड फुटी शब्द

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लिहिलेला तुझा निबंध वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात 'सेस्क्विपिडेलियन' आला आणि मी अडखळलो. कॉलेजच्या ग्रंथालयाला तू हे विशेषण लावलं आहेस. तुला 'भव्य' म्हणायचं असावं. तो अर्थ नाही. लांबलचक शब्दांना, किंवा असे शब्द पेरत बोलणाऱ्या माणसाला इंग्रजीत सेस्क्विपिडेलियन म्हणतात, तेही बहुधा चिमटा काढत.

नुसता अर्थ पाठ केलास तर महिन्याभरात विसरशील, म्हणून शब्द फोडून बघ. लॅटिनमध्ये 'सेस्क्वी' म्हणजे दीड, 'पेस' म्हणजे पाऊल, आणि मोजायचा फूटही. दीडशे वर्षं झाल्यावर इंग्रजीत 'सेस्क्विसेंटेनियल' साजरं करतात तेही यातलंच. आपण सार्धशती म्हणतो.

रोममध्ये दीड फूट हे माप गवंड्याच्या हातातलं होतं. तिथे दीड फुटी वीटच मिळायची, नाव 'सेस्क्विपेडालिस'. रोमन फूट आपल्या फुटापेक्षा जरा आखूड, सुमारे २९.६ सेंटिमीटर, म्हणजे वीट साधारण ४४ सेंटिमीटरची, चौरस आणि चपटी.

हे माप शब्दांना लावलं ते होरेस या कवीनं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. 'आर्स पोएटिका' या काव्यकलेवरच्या कवितेत तो म्हणतो, शोकांतिकेतले टेलेफस आणि पेलेउस गरीब होऊन देशोधडीला लागतात, तेव्हा प्रेक्षकाच्या काळजाला हात घालायचा असेल तर ते फुगवलेली भाषा आणि दीड फुटी शब्द टाकून देतात. दोनच ओळी आधी त्यांच्या साध्या बोलण्यासाठी होरेसनं 'पायी चालणारी' भाषा असं म्हटलंय. इंग्रजी 'पेडेस्ट्रियन' त्याच कुळातला. पाय इथेही आणि तिथेही. ही कोटी मुद्दाम केलेली असणार, असं मला तरी वाटतं.

पण म्हणून मोठे शब्द वाळीत टाकू नकोस. तिथेच होरेस हेही सांगतो की विनोदी नाटकातला क्रेमेस संतापला की तोंड भरून गरजतो. कोण बोलतंय आणि कुठल्या प्रसंगात, एवढंच तो बघायला लावतो.

आता तुझं ग्रंथालय. पावसात गळणाऱ्या छताखाली तू कपाटांवर ताडपत्री टाकलीस आणि भिजलेली पुस्तकं पंख्याखाली उभी करून वाळवलीस, हे मला फोनवर सांगितलंस. निबंधात त्याचा मागमूस नाही! ते लिही, फोनवर सांगितलंस त्याच शब्दांत. 'सेस्क्विपिडेलियन' वाया जाऊ द्यायचा नसेल तर दुरुस्तीच्या अर्जाला आलेल्या त्या दोन पानी सरकारी उत्तराला लाव, तिथे तो चपखल बसेल. आणि स्पेलिंगमध्ये तुझा एक 'आय' राहिलाय, तेवढा बघ.

दुसरा परिच्छेद नव्यानं लिहून शनिवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर