साडेबाराचा भोंगा

"मालक कामगारांत जास्त मिसळला की माणसं डोक्यावर बसतात." लहान कारखानदार समुपदेशनाला आले की ही भीती हमखास बोलून दाखवतात. थोड्या वेळानं तेच म्हणतात, "पण हल्ली कंपनीत कुणी कुणाचं राहिलं नाही हो, मॅडम." चाकण पट्ट्यातल्या अशाच एका कारखानदारांची ही हकिगत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

वय चाळिशीचं, वडिलांनी उभारलेलं मशीन शॉप, शंभराच्या आत माणसं. झोप लागत नाही म्हणून आले होते. बोलता बोलता खरी बोच बाहेर आली. त्यांचा एक ऑपरेटर, मूळचा ओडिशाचा, कॉट बेसिसच्या, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून राहायच्या खोलीत तापानं तीन दिवस पडून होता. खोलीतल्या बाकीच्यांच्या पाळ्या वेगळ्या. कंपनीकडून त्याला काय गेलं, तर गैरहजेरीचा आपोआप जाणारा मेसेज. शेवटी खानावळवाल्यानं त्याला दवाखान्यात नेलं, डेंग्यू निघाला. पोरगा बरा झाला, पण तो का येत नाही हे त्याच्या शेजारच्या मशीनवरच्यालाही ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "तुम्ही तीन दिवस पडून राहिलात, तर कुणाला कळेल?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बायकोला. आणि फोन उचलला नाही म्हणून कस्टमरला."

बँकेचे हप्ते, अडकलेली बिलं, दर उतरवण्याचा तगादा. घरी सांगायचं नाही, कारण घरचे घाबरतील. कंपनीत सांगायचं नाही, कारण माणसं सोडून जातील. असं कोंडून घेतलेले मालक मी खूप पाहते. (झोप-भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल तर अंगावर काढू नका. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.) जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणानं ग्रासलंय, आणि तरुणांत व गरीब देशांत हे प्रमाण जास्त आहे. कॉट बेसिसवर राहणारी विशीतली पोरं त्यातलीच.

उपाय त्यांनी केले होते. वाढदिवसाला केक, वर्षाला स्नेहसंमेलन, व्हॉट्सॲप ग्रुप. मी त्यांना कंपनीतला साधा एक दिवस तासातासानं सांगायला लावला, आणि दुखणं जेवणाच्या सुट्टीत सापडलं. वडिलांच्या काळी साडेबाराला भोंगा व्हायचा, सगळी मशीनं थांबायची. पुढे एका सल्लागारानं गणित मांडलं: मशीन थांबवू नका, चार-चार जणांना वीस मिनिटं सोडा. उत्पादन वाढलं, हे खरंच. पण तेव्हापासून माणसं मोबाइल डब्याला टेकवून एकेकटी जेवू लागली.

"किर्लोस्करवाडी उभी करणं मला कुठं जमणार?" ते म्हणाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळच्या ओसाड माळावर कारखान्याबरोबर गावच वसवलं. ते वाचून भारावलेले कारखानदार मला बरेच भेटतात, आणि तेवढं जमणार नाही म्हणून काहीच करत नाहीत. मी म्हटलं, गाव राहू द्या, अर्धा तास द्या. सगळ्यांची सुट्टी एकाच वेळी. तुम्ही केबिन सोडून त्यांच्याच बाकावर, घरचा डबा घेऊन. रोज वेगळ्या टेबलावर. कामाचं अवाक्षर काढायचं नाही.

डोक्यावर बसण्याच्या भीतीचं काय? माझा अनुभव स्पष्ट आहे: शिस्त बिघडते ती मर्जीतल्या माणसांमुळे. उचल, रजा, ओव्हरटाइमचे नियम लिहून भिंतीवर लावा, ते सगळ्यांना सारखे ठेवा. मग कुणाच्याही डब्यातली चटणी बिनधास्त खा.

सुरुवात अवघड गेली. ते बसले की बाक रिकामा व्हायचा. प्रॉडक्शन मॅनेजर रोज किती नग कमी निघाले ते ऐकवायचा. तो तोटा त्यांनी सोसला, आणि यात मला त्यांचं मोठेपण वाटतं. मग एक दिवस न राहवून ते जेवताना बोलून गेले की मोठ्या कस्टमरचं पेमेंट अडकलंय, रात्र रात्र डोळा लागत नाही. समोरचे जुने टर्नर पोळी मोडत म्हणाले, "अण्णांच्या वेळी दोन महिने पगार लांबला होता. आम्ही कुठं गेलो? सांगत जा की आम्हाला."

हे सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता. आजवर माणसांची काळजी घेणं हेच मालकाचं काम, असं ते धरून चालले होते. माणसांनाही आपली काळजी घेऊ द्यायची असते, हे त्यांना त्या बाकावर उमगलं. त्यानंतर बाक रिकामा होणं थांबलं.

आता तिथं भिशी चालते, ओडिशाची पोरंही तीत आहेत. कुणी आला नाही की जेवणाच्या वेळेपर्यंत विचारणा होते, फोन लागला नाही तर संध्याकाळी कुणीतरी खोलीवर जाऊन येतं. गैरहजेरीचा मेसेज त्याआधी पाठवायचा नाही, असं ठरलंय.

रात्रपाळीचं मात्र अजून जुळलेलं नाही. ती माणसं घरून जेवून येतात, आणि त्यांत कंत्राटी जास्त, काही महिन्यांत बदलणारी. ओळख होते तोवर कंत्राट संपून ‘ब्रेक’ मिळतो. रात्री दोनच्या चहाला सगळी मशीनं थांबवावीत का आणि कंत्राटाची मुदत वाढवता येईल का, यावर सध्या आम्ही बोलतो आहोत. त्यातला दुसरा प्रश्न जास्त महाग आहे, आणि माझ्या मते आधी तोच सोडवायला हवा.