संकटात की संकटावर?

खानापूर तालुक्यातून एका वाचक भगिनींनी विचारले आहे: "आमच्या उपासनेत साक्ष देताना कुणी 'प्रभूने मला संकटावर विजय दिला' म्हणतं, कुणी 'संकटात विजय दिला' म्हणतं. बरोबर कुठलं? आणि जय म्हणायचं की विजय?"

'संकटात'. आणि 'संकटावर मात' तर मुळीच नको. साक्षीत, भाषणात, अभिनंदनाच्या फलकावर, जिथे तिथे ही मात ऐकून कान किटले आहेत. मात बुद्धिबळातली, ती समोरच्या राजावर होते. संकट हा समोर बसलेला खेळाडू नव्हे. संकट ही जागा आहे, आणि नेमकी कसली जागा ते शब्दातच लिहिलेले आहे.

संस्कृतात 'संकट' हे आधी विशेषण. अर्थ अरुंद, दाटीचा, आवळलेला. त्याचे नाम झाले तेव्हा अर्थ झाला अरुंद वाट, खिंड. आपत्ती हा अर्थ त्यातूनच आला. पाणिनीने आपल्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात, 5.2.29 या सूत्रात सम्, प्र, उद् यांना 'कटच्' प्रत्यय लावून संकट, प्रकट, उत्कट हे शब्द सिद्ध केले आहेत. मला खरा आनंद होतो तो त्याच्या आदल्या सूत्राचा. 5.2.28 मध्ये कोणता शब्द सिद्ध होतो? 'विशाल'! अरुंद आणि रुंद भिंतीला भिंत लावून राहतात. तेव्हा 'संकष्ट'चा अपभ्रंश म्हणजे संकट, असे जे छातीठोकपणे सांगत फिरतात त्यांनी अष्टाध्यायीचे ते एक पान उघडावे. कष्टाचा इथे काही संबंध नाही.

प्राकृतातून हाच शब्द मराठीत 'सांकड', 'साकडे' होऊन आला. देवाला साकडे घालायचे म्हणजे आपली कोंडी त्याच्यापुढे नेऊन ठेवायची. वर्तमानपत्रे रोज कुठल्या ना कुठल्या मंत्र्याला साकडे घालतात, ते मला पटत नाही. मंत्र्याकडे मागणी करावी, निवेदन द्यावे. आणि काही ख्रिस्ती मंडळी हा नवसाचा शब्द म्हणून टाळतात, तेही पटत नाही. बायबलातला स्तोत्रकर्ता दुसरे काय करत होता?

बरे, ही अरुंदपणाची कल्पना एकट्या संस्कृताची नाही. 'अडचण' घ्या. खोलीत सामान फार झाले की आपण म्हणतो, "इथं नुसती अडचण झालीय." पैशाची ओढाताण झाली तरी अडचणच. कानडीत 'इक्कट्टु' म्हणजे चिंचोळी, दाटीची जागा आणि इक्कट्टु म्हणजेच पेचप्रसंग. लंडन मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे काम बेळगावात 1820 साली सुरू झाले. इथल्या कित्येक ख्रिस्ती घरांत आजही आजी एका भाषेत प्रार्थना करते आणि नातू दुसऱ्या भाषेत. दोघांचा देवापाशी मांडायचा शब्द मात्र एकाच घडणीचा.

आमच्या मामाच्या शेताकडे जायला पाणंद होती. दोन्ही अंगांना उंच बांध, वर घायपात, गाडीच्या चाकाला दोन्हीकडे वीतभर जागा. भाताचे भारे लादलेली गाडी एकदा आत शिरली की माघारी वळवणे नाही. मध्येच बैल बिथरले तर मामा खाली उतरायचा, पुढे जाऊन वेसणीला हात घालायचा आणि बैलांच्या तोंडाशी बोलत बोलत पुढे चालायचा. बांध तेवढेच राहायचे, पाणंद बोटभरही रुंद व्हायची नाही. गाडी बाहेर निघायची ती थेट खळ्यावर, मोकळ्यात.

आता स्तोत्र 118, ओवी 5. मूळ हिब्रूत 'मेत्सार' म्हणजे अरुंद जागा. तिथून मी परमेश्वराला हाक मारली आणि त्याने 'मेर्हाव', म्हणजे ऐसपैस जागेत, उत्तर दिले. हीच ती पाणंद आणि हेच ते खळे. याच स्तोत्रात पुढे 'येशुआ' म्हणजे तारण हा शब्द येतो. तारणाचा 'यशा' हा धातू अरबीतल्या रुंदपणाच्या धातूशी जोडावा, असे जुने कोशकार म्हणत. म्हणजे तारणे म्हणजे रुंद करणे, मोकळे करणे. नव्या पंडितांना ही जोडणी मान्य नाही, ध्वनिनियमात बसत नाही म्हणतात. मी जुन्यांच्या बाजूने आहे. ज्या स्तोत्रात अरुंद आणि रुंद समोरासमोर उभे आहेत त्यातच हा शब्द यावा, याला योगायोग म्हणायची माझी तयारी नाही. आणि 'येशू' हे नावही याच धातूचे! मोकळे करणारा, असा अर्थ मी तरी मनाशी धरून आहे.

ग्रीक शुभवर्तमानातही तेच. योहान 16:33 मध्ये जगात तुम्हाला जे होईल म्हटले आहे ते 'थ्लिप्सिस', म्हणजे दाब, चेपणे. आपल्या मराठी बायबलात तिथे 'क्लेश' आहे. भाषांतरकारांबद्दल मला आदर आहे, पण ही निवड मला कधीच रुचली नाही. क्लेशात मनस्ताप आला, दाब निघून गेला. मत्तय 7:14 मध्ये जीवनाकडे नेणारी वाट जी अरुंद म्हटली आहे तिलाही याच धातूचे रूप लावले आहे, हे मग मराठी वाचकाला कळायचे कसे? आणि योहान 16:21 पाहा, बारा ओव्या आधी. प्रसूत होणाऱ्या बाईच्या वेणांना हाच थ्लिप्सिस. आपल्याकडे बाळंतपण पार पडल्यावर बाया काय म्हणतात? "मोकळी झाली." याहून चांगले भाष्य मी कुठल्याही टीकाग्रंथात वाचलेले नाही.

रोमकरांस पत्राच्या 8:35 मध्ये प्रेषित पौल सात गोष्टी मोजतो. पहिली थ्लिप्सिस, दुसरी 'स्टेनोखोरिया', शब्दशः अरुंद जागा, शेवटची तलवार. आणि दोनच ओव्यांनंतर, 'ह्या सर्व गोष्टींत' आपण महाविजयी ठरतो. ग्रीकमध्ये 'एन', मराठीत 'त', सरळ सप्तमी. 'महाविजयी' ज्याचे भाषांतर आहे ते क्रियापद सबंध नव्या करारात एकदाच आले आहे आणि ते नेमके चिंचोळ्या वाटेत उभे राहून उच्चारलेले आहे.

'वर' कुठे लागतो? जगावर, मरणावर. ते वैरी आहेत. त्यातही योहान 16:33 चा काळ बघा: 'मी जगाला जिंकले आहे'. झालेली गोष्ट, आणि कर्ता येशू. म्हणून साक्ष देताना 'प्रभूने दिला' हे तुमच्याकडचे दोघेही म्हणतात ते अगदी योग्य.

जय आणि विजय दोन्ही चालतात.